सालनाला मराठीत जागा कुठे?

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) एका तालुक्याच्या गावी मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मराठीचा विषयही माझ्याकडे आहे. मागे आठवीच्या वर्गाला निबंध दिला होता, ‘माझा आवडता पदार्थ’. वह्या तपासायला घेतल्या तर पुरणपोळी, मोदक, पावभाजी आणि पुन्हा पुरणपोळी. एका मुलाने तर ‘आमच्या घरी प्रत्येक सणाला आई पुरणपोळी करते’ असे लिहिले होते. त्याचे वडील हातगाडीवर फळे विकतात, घर माझ्या पाहण्यातले आहे. त्या घरात पुरण कधी शिजले नसावे. मी त्याला जवळ बोलावले आणि विचारले, “खरं सांग, तुला घरी काय आवडतं?” तो खाली बघत म्हणाला, “सालन.” मी म्हटले, “मग तेच का नाही लिहिलंस?” त्यावर तो म्हणाला, “टीचर, उसको मराठी में क्या बोलते?”

मी बी.एड. झालेली शिक्षिका. चटकन उत्तर दिले, “रस्सा.” त्याने मान हलवली. “नहीं टीचर, रस्सा अलग होता.”

पोराचे बरोबर होते. रस्सा हे पातळ भागाचे नाव आहे. मटण हे मांसाचे नाव आहे. आमटी डाळीची, भाजी पालेभाजीची. सालन यांपैकी एकही नाही. भाकरी किंवा रोटी ज्याच्या सोबतीने खायची ते सालन. त्यात गोश्त असेल, गोश्तासोबत आलू असेल, दुधी असेल, कधी नुसते अंडे असेल. पण आमच्या घरात ‘आज सालन पकाया है’ असे म्हटले की गोश्ताचेच समजायचे. हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडात रोज आहे आणि त्यांच्या मराठीच्या वहीत एकदाही नाही. असे का व्हावे, याचा विचार त्या दिवसापासून मी करते आहे. हा लेख म्हणजे त्या विचाराचा हिशेब आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. एक, मराठी साहित्याने आपल्याला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. दुसरे, आपले खाणे उर्दूत आहे, तिथे ते सुखरूप आहे, मराठीत त्याची गरज काय? ही दोन्ही उत्तरे तपासून पाहिली पाहिजेत. कारण तयार उत्तर हे तयार मसाल्यासारखे असते. सोय होते, पण पुडीत काय आहे ते कोणी बघत नाही.

आधी उर्दूकडे बघू. खाण्यापिण्याविषयी प्रेमाने लिहिण्याची मोठी परंपरा उर्दूला आणि तिच्या आधी फारसीला आहे. माळव्याच्या गियासुद्दीन शाहच्या दरबारात सुरू झालेला ‘नेमतनामा’ हा पाचशे वर्षांपूर्वीचा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील दोपियाजाचे माप बघण्यासारखे आहे. दहा शेर मध्यम चरबीचे गोश्त, दोन शेर तूप, दोन शेर कांदा, पाव शेर मीठ, आणि जिरे, धणे, वेलची, लवंग, मिरे हे थोडे थोडे. यातून पाच थाळ भरतात, हेही तिथे नोंदवलेले आहे. लाल तिखट नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, कारण ही तिन्ही अमेरिकेकडची पिके. पोर्तुगिजांच्या काळात ती या देशात आली आणि हळूहळू घरोघर पोचली. आज जे सालन आपण खानदानी, पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हणून मिरवतो, त्यातला लाल रंग बादशहाच्या थाळ्यात नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

आणि आपल्या नगरच्या किल्ल्याचेच बघा. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना इतर नेत्यांसह या किल्ल्यात कैदेत आणले गेले. तिथे त्यांनी न पाठवता येणारी पत्रे लिहिली, ती १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. उर्दू गद्याचा तो एक मानदंड आहे. त्यात मौलानांनी आपल्या चहाविषयी, चमेलीच्या वासाच्या पांढऱ्या चिनी चहाविषयी, किती निवांतपणे लिहिले आहे! दूध-साखर घालून चहा उकळणाऱ्यांची त्यांनी केलेली थट्टा आजही वाचताना हसू येते. माझ्या शाळेपासून हा किल्ला एसटीने गाठता येतो. म्हणजे खाण्यापिण्यावरचे उर्दूतील एक उत्तम लेखन आमच्या जिल्ह्याच्या मातीत झाले. पण किल्ल्याच्या भिंतीबाहेर, झेंडीगेट-मुकुंदनगरच्या चुलींवर काय शिजत होते, ते त्यात येणार नव्हते. तो दोष मौलानांचा नाही, ते कैदी होते. दोष आहे तो त्या चुलींपाशी वाढून पुढे लिहायला शिकलेल्यांचा.

उर्दू मासिकांतील पाककृतींची पाने मी लहानपणापासून वाचत आले. लखनौचा कोरमा, दिल्लीची निहारी, हैदराबादचे मिर्ची का सालन. सगळे उत्तम. पण त्यात सुके खोबरे भाजून वाटलेले, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचे नगरकडचे सालन कुठे आहे? त्या पानांवर सालन म्हणजे शिरमाल आणि तंदुरी रोटीची सोबत. आमच्या घरी शिरमाल कोणी पाहिलेले नाही. म्हणजे आपले खाणे उर्दूत सुखरूप आहे हा आपला समज खोटा आहे. उर्दूत दिल्ली-लखनौचे खाणे सुखरूप आहे. नगर, बीड, सोलापूरच्या गरीब मुसलमानाचे सालन तिथेही बिनकागदपत्रांचे आहे.

आता मराठीकडे येऊ. मराठीत पाककृतींची छापील पुस्तके दीडशे वर्षांपासून आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. ते पाठारे प्रभू घरातले असल्याने त्यात मांस-मासळीला मोकळेपणाने जागा आहे. तेव्हा मराठी पुस्तकाला मांसाचे वावडे होते, असे सरसकट म्हणता येत नाही. मग १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि मराठी घराघरांत पोचले. त्याची थोरवी मी शिक्षिका म्हणून जाणते. ओगलेबाईंनी शेर-तोळा बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही मापे दिली. लग्न होऊन परगावी गेलेल्या, जवळ आई नाही, सासू नाही अशा मुलीला त्या वाटीने धीर दिला. अंदाज ही ज्यांच्या घराण्याची मिरास होती, तो अंदाज त्यांनी सर्वांसाठी खुला केला. हे लोकशाहीचेच काम आहे.

पण प्रत्येक पुस्तक एका घरातून निघते. ज्या घरातून ते निघते त्या घराची वाटी त्यात असते. धुरंधरबाईंनी आपल्या घरचे लिहिले, ओगलेबाईंनी आपल्या घरचे लिहिले. आमच्या घरचे त्यांनी का लिहिले नाही, अशी तक्रार करणे म्हणजे शेजारणीने आपल्या घरी येऊन चूल पेटवून दिली नाही म्हणून रुसून बसणे. त्या घरच्या बाईने लिहिले म्हणून ते घर पुस्तकात आले. आमच्या घरच्या बाईने लिहिले नाही.

इथे कोणी म्हणेल की पाककृतींची पुस्तके म्हणजे काही साहित्य नव्हे. ठीक आहे, साहित्यच बघू, आणि तेही आपल्याच जिल्ह्याचे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नगर आणि राहुरी हे त्या पुस्तकाचे मोठे अंगण आहे. सोवळ्यातली एक बाई, नवरा ख्रिस्ती झालेला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या घरचे खावे, या प्रश्नाने तिची वर्षानुवर्षे घुसमट झाली. शेवटी जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे तिला उमगले आणि तिने सर्वांच्या हातचे खायचे ठरवले. मराठीतल्या या थोर आत्मचरित्राचा एक मोठा निर्णय चूल आणि पाण्याचा घडा यांच्यापाशी होतो.

दुसरे पुस्तक दया पवारांचे ‘बलुतं’, १९७८ चे. पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे, म्हणजे तेही नगरचेच. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या वाटण्या, त्यासाठी होणारी धावपळ, ते खाणे आणि त्या खाण्याची शरम, हे सारे त्यांनी झाकले नाही. वाचणाऱ्याच्या घशात घास अडकावा असे ते लेखन आहे. पुढे २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातील महार-मांग घरांतील खाणे, त्यातील पदार्थ, त्यांची कृती आणि त्यामागची जातीची उतरंड असे सर्व एकत्र सांगणारे ते पुस्तक. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि जगाने ते वाचले. पाटोळे यांनी आपल्या आईच्या चुलीसाठी कोणाची परवानगी मागितली नाही. पुस्तकाचे नावच प्रस्थापित वचनाला उलटा प्रश्न विचारते.

म्हणजे नगर जिल्ह्याच्या मातीने ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या बाईची चूल मराठीला दिली, महारवाड्यातली चूल मराठीला दिली. याच गावांत तिसरी चूल आमची होती. ती का आली नाही? आता ‘आम्हाला येऊ दिले नाही’ हे उत्तर पुरे पडत नाही. दया पवारांना कोणी पायघड्या घातल्या होत्या काय?

म्हणून मी आता आपल्याच लेखनाकडे वळते. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपल्या नावाने उभे राहिलो. कथा आल्या, कविता आल्या, आत्मकथने आली. तलाक, दंगल, संशय, दारिद्र्य, फाळणीचे ओझे, मदरसा की शाळा, या सगळ्यांवर आपण लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण माझ्या वाचनात आलेल्या या कथांमधल्या स्वयंपाकघरांत मला प्रामुख्याने तीन गोष्टी दिसतात. ईदचा शीरखुर्मा, पाहुण्यासाठी बिर्याणी, आणि धुराने डोळे लाल झालेली एक सोशिक आई. शीरखुर्मा वर्षातून एक-दोनदा. बिर्याणी लग्नात. मग उरलेले दिवस या घरात काय शिजते? आणि ती आई नुसती सोसत असते काय? ती काही जाणत नाही काय? धूर आपण लिहिला. धुराखाली जे पातेले होते त्याचे झाकण काढून बघितले नाही.

याचे एक कारण मला वाटते ते असे. आपण बहुतेक वेळा शेजाऱ्याने वाचावे म्हणून लिहितो. शेजाऱ्याला शीरखुर्मा चालतो, तो आपण डब्यात भरून देतो. सालन देत नाही. जे ताटात देत नाही ते कागदावरही देत नाही. हा संकोच आजचा नाही, पण मध्यंतरी तो वाढला. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, मात्र बाहेरच्या राज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. कायदा पाळायचा असतो, हे मी वर्गात शिकवते आणि घरी पाळते. पण कायद्याबरोबर एक भीती आली, तिला कलम नाही. बकऱ्याचे गोश्त घेऊन येणारा माणूसही पिशवीवर दुसरी पिशवी चढवू लागला. मुले डब्यात आलूची भाजी आणू लागली. ‘गोश्त’ हा शब्द एसटीत हळू आवाजात बोलला जाऊ लागला. माझा विद्यार्थी वहीत पुरणपोळी लिहितो, त्यात निम्मा वाटा शब्द न सापडण्याचा आहे आणि निम्मा याचा आहे. ज्या भाषेत आपण आपले जेवणही मोकळेपणाने लिहू शकत नाही, त्या भाषेत बाकीचे खरे कसे लिहिणार?

आता माझ्या घरचे सांगते. माझी अम्मी सालन उत्तम करते. करायची, असे म्हणायला हवे. गेल्या काही महिन्यांपासून तिचा उजवा हात थरथरतो, उलथणे धरवत नाही. आता ती चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, खुर्ची टाकून बसते आणि सांगते, मी करते. इतकी वर्षे मी तिच्या हाताकडे बघून शिकले. आता तिचा हात थांबला आणि तोंड सुरू झाले, तेव्हा मला कळले की तिच्यापाशी या कामाची एक पूर्ण भाषा आहे.

मी प्रथम वही घेऊन बसले. हाडांसह एक किलो बकऱ्याचे गोश्त. “कांदा किती?” “अर्धा किलो.” “तेल?” “अंदाज से.” “खोबरे?” “मुठ्ठीभर. मेहमान हैं तो जादा.” “तिखट?” “मिर्ची कौन सी है, उसपे है.” वाटी-चमच्याची माझी वही तिथेच बंद पडली. पण वही बंद केल्यावर ती जे बोलू लागली ते असे. कांदा तेलात बादामी होऊ दे, काळा केलास तर सालन कडू होईल. आले-लसूण पडले की कच्चा वास जाईपर्यंत थांब. गोश्त, हळद, मीठ टाकून झाक, त्याला त्याचे पाणी सोडू दे, आपले पाणी अजून घालू नको. ते पाणी आटले की तिखट आणि भाजून वाटलेले खोबरे, तीळ, धणे. आता भून. लागायला लागले की पाण्याचा हबका मार आणि पुन्हा भून. “तेल छूटा क्या देख. नहीं छूटा तो हट मत.” तेल सुटले की मग गरम पाणी. थंड पाणी घातलेस तर गोश्त अकडते. बटाटा टाकायचा तर आत्ता. मग मंद आच. वर तर्री आली, हाड मोकळे होऊ लागले की कोथिंबीर, आणि झाकण ठेवून अर्धा तास हात लावू नको.

यातल्या प्रत्येक क्रियेमागे कारण आहे, आणि विज्ञानाच्या तासाला मी तेच शिकवू शकेन. पातेल्यात पाणी आहे तोवर मसाल्याची उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी उडाले की तेल तापते, मसाला खरपूस होतो आणि त्याचा रंग-वास तेलात उतरतो. ‘तेल छूटा’ म्हणजे पाणी संपल्याची खूण. तिखट कोरड्या तेलात क्षणात जळते, म्हणून हबका. हाडाजवळची चिवट पेशी मंद आचेवर विरघळते आणि रश्शाला दाटपणा देते, म्हणून घाई नको. अम्मी चौथीपर्यंत शिकली. ही कारणे तिने कधी सांगितली नाहीत. पण खूण तिची चुकत नाही. छापील कृतीत ‘दहा मिनिटे परतावे’ असे असते. दहा मिनिटे कोणाच्या गॅसवर? कोणत्या पातेल्यात? अम्मीचे ‘तेल छूटा क्या’ हे दहा मिनिटांपेक्षा अचूक माप आहे. ज्याला आपण अंदाज म्हणून हसतो किंवा डोक्यावर घेतो, तो हवेतला नसतो. तो खुणांवर चालतो आणि खुणा शब्दांत सांगता येतात. म्हणजेच लिहिता येतात.

आणखी एक गोष्ट अम्मीच्या बोलण्यातून कळली, जी आईनच्या मापांत आहे पण आपल्या कथांत नाही. ती म्हणजे किती माणसांत किती गोश्त. माझ्या लहानपणी घरात आठ माणसे होती आणि अर्धा किलो गोश्त यायचे, तेही पगाराच्या आठवड्यात. बाकी सालन बटाट्याने, दुधीने, कधी चण्याच्या डाळीने वाढवायचे. डाळ घालून दालचा केला की पावशेर गोश्तात घर जेवायचे. खोबऱ्याचे वाटण चवीसाठी होते तसे दाटपणासाठीही होते, म्हणजे पाणी वाढवले तरी सालन पातळ दिसू नये. अब्बांच्या वाटीत दोन बोट्या, मुलांना एक एक, आणि अम्मी पातेल्याला भाकरी पुसून घ्यायची. कांदा आमच्याकडे भरपूर, कारण नगर हा कांद्याचा जिल्हा. दोपियाजात गोश्ताच्या पाचवा हिस्सा कांदा होता, अम्मीच्या सालनात निम्मा आहे. हे काही राजेशाहीचे लक्षण नाही. हॉटेलांच्या पाट्यांनी आपल्या सगळ्या खाण्याला ‘मुघलाई’ हे नाव चिकटवले आणि आपणही खुशीत ते लावून घेतले. त्या नावाने आपण दिल्लीच्या बादशहाचे वारस ठरतो आणि इथल्या जमिनीला परके होतो. खरे पाहता आमचे सालन ज्वारीच्या मुलखातले आहे. हमालाचे, शिंप्याचे, गॅरेजात काम करणाऱ्याचे आहे.

शेजाऱ्यांपासूनही ते तितकेसे दूर नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात गावच्या बलुतेदारांत मुलाणा आहे. गावात बकरे हलाल करायचे काम त्याचे, आणि गिऱ्हाईक फक्त मुसलमान नसायचे. पिराच्या नवसाची कंदुरी आजही आमच्या भागात हिंदू-मुसलमान दोघेही करतात. उघड्या चुलवणावर मोठाल्या पातेल्यांत मटण शिजते आणि भाकरी कुस्करून पंगत जेवते. कंदुरी हा शब्दच फारसीतला, मूळ अर्थ जेवणाचे दस्तरखान. तो मराठीत इतका मुरला की कोणी त्याची जात विचारत नाही. मसाला हा शब्द अरबी, खिमा तुर्की. हे सगळे शब्द मराठीत कोणाच्या शिफारशीने आले नाहीत. लोक एका पंगतीला बसले म्हणून आले.

तेव्हा यापुढे आपले लेखन वाचताना मी तीन प्रश्न विचारणार आहे, आणि वाचकांनीही विचारावेत. पहिला, या लेखनात शिजवणाऱ्या बाईचे ज्ञान आहे की फक्त तिचे कष्ट आहेत? दुसरा, किती माणसांत किती गोश्त हा हिशेब लेखकाला ठाऊक आहे काय? कारण त्या हिशेबात घरातली गरिबी, घरातला मान, बाईच्या वाटणीला आलेले उरलेले, सारे असते. तिसरा, पदार्थाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली आहे, की शेजाऱ्याला बरे वाटावे म्हणून नाव बदलले आहे? ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकांना हे प्रश्न विचारून पाहा, ती उत्तर देतात. आपल्या कथांना विचारले की त्या बहुधा बिर्याणीचे ताट पुढे करतात.

याला एक आक्षेप घेतला जाईल. समाज शिक्षणात मागे, रोजगारात मागे, आणि या बाई सालनाची काय गोष्ट घेऊन बसल्या? मी रोज याच समाजाच्या मुलांना शिकवते, तेव्हा त्या मागासपणाची मला कोणी नव्याने ओळख करून द्यायला नको. पण जो मुलगा आपल्या घरातली एक साधी, खरी गोष्ट वहीत लिहू शकत नाही, तो मराठीत पुढे काय लिहील? तो पाठ केलेले लिहील. पाठ केलेल्या भाषेत परीक्षा सुटते, पण आपले म्हणणे मांडता येत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. ते मला शब्दकोशात सापडले नाही, बाजारात सापडले. भाजीच्या गाळ्यावर एक खेडवळ आजी दुसरीला विचारत होती, “आज कालवण काय केलं?” मी थबकले. कालवण! भाकरी ज्यात कालवून खायची ते कालवण. माशाचे असो, मटणाचे असो, नुसत्या शेंगदाण्याचे असो. सालनाचा अर्थ अगदी हाच. हा शब्द आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडच्या प्रत्येक वस्तीवर रोज बोलला जातो. तो मला सुचला नाही, कारण मी मराठी शिकले ती पुस्तकातली, प्रमाण मराठी. त्या मराठीने शेतकऱ्याचे कालवण बाहेर ठेवले आणि आमचे सालनही बाहेर ठेवले. दोघे बाहेर एकाच ओट्यावर बसले होते, आम्हीच एकमेकांना ओळखले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि निबंध पुन्हा दिला. विषय बदलला, ‘आमच्या घरचे सालन’. अट एकच घातली. घरी जाऊन अम्मीला, दादीला विचारायचे, आणि जे ती सांगेल ते आपल्या मराठीत लिहायचे. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. पुरणपोळीवाल्या मुलाची वही आली. अर्ध्या पानात एकोणीस चुका होत्या. पण पहिले वाक्य असे होते, ‘सालन म्हणजे आमचे कालवण, ते माझी दादी करते आणि तेल सुटेपर्यंत ती कुणाशी बोलत नाही.’

ते वाक्य मी घरी अम्मीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “उसकी दादी को आता है फिर.” मी त्या मुलाला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण राखून ठेवला आहे, त्याने यापुढेही लिहावे म्हणून.